जिथे तासाची घंटा वाजत नाही

वाचकाचे पत्र, थोडक्यात

पत्रलेखिका ३८ वर्षांच्या असून सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी नागरी सहकारी पतसंस्थेच्या लेखा विभागात अकरा वर्षांपासून नोकरी करतात. बारावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले, पुढे त्यांनी बी.कॉम. केले. आकड्यांची आवड पहिल्यापासून असल्यामुळे आणि पुढेमागे शाखाधिकारी होण्याची इच्छा असल्यामुळे त्यांनी एनपीटीईएल या आयआयटी आदी संस्थांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरील संख्याशास्त्राच्या बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात दोन वेळा नाव नोंदवले. दोन्ही वेळा चौथ्या-पाचव्या आठवड्यात असाइनमेंट चुकल्या आणि अभ्यासक्रम सुटला. त्याआधी एका खासगी संस्थेचा १८,००० रुपयांचा ऑनलाइन कोर्सही असाच अर्धवट राहिला होता. आता येत्या सत्राची नोंदणी सुरू झाली आहे. त्या लिहितात: “ताई, मी प्रत्येक व्हिडिओ नीट पाहते, वह्या भरून नोट्स काढते, तेव्हा सगळे समजते, आणि तरीही प्रश्न सोडवायला बसले की हात चालत नाही. घरात लॅपटॉप उघडला की सासूबाईंना वाटते, मी काहीतरी बघत बसले आहे. ऑनलाइन शिक्षण हे मुळात शिस्तीच्या माणसांचे काम आहे आणि ती शिस्त माझ्यात नाही, असे आता वाटू लागले आहे. आमचे एक सहकारी म्हणतात, उत्तरे टेलिग्रामवर मिळतात, ती टाका आणि मोकळ्या व्हा. दर शनिवार-रविवारी सोलापूरला जाऊन क्लास लावावा का, की हा नादच सोडावा? मुलगी नववीत आहे. आई सगळे अर्धवट सोडते हे ती पाहते आहे, याचे जास्त वाईट वाटते. कामाचे म्हणाल, तर अकरा वर्षांत रोखीचा मेळ बसल्याशिवाय मी एकही दिवस घरी गेलेले नाही.”

ताईंचे उत्तर

नमस्कार.

पत्राचे शेवटचे वाक्य तुम्ही ओघात लिहून गेला असाल, पण मला उत्तराची सुरुवात तिथूनच करावीशी वाटते. अकरा वर्षे रोज संध्याकाळी रोखीचा मेळ बसवूनच उठणाऱ्या बाईने ‘माझ्यात शिस्त नाही’ असे लिहावे, हे मला पटत नाही आणि तुम्हीही ते इतक्या सहज पटवून घेऊ नये. शिस्त तुमच्यात आहे. ती पतसंस्थेत दिसते आणि लॅपटॉपसमोर दिसत नाही, एवढेच तुमच्या पत्रातून सिद्ध होते, आणि हा फरक कशामुळे पडतो हे शोधणे जास्त उपयोगाचे आहे.

पतसंस्थेत काय असते ते आठवून पाहा. कामाची वेळ ठरलेली असते, टेबल ठरलेले असते, तुमच्या आकड्यांची वाट पाहणारा कोणीतरी असतो, आणि चूक झाली तर ती त्याच संध्याकाळी समोर येते. शाळा-कॉलेजच्या वर्गातही हेच असते. तासाची घंटा वाजते, बाकावर शेजारी कोणी बसलेले असते, शिक्षकांची नजर फिरत असते आणि फळ्यावरचे गणित वहीत उतरवून न सोडवता गप्प बसणे अवघड जाते. या सगळ्या गोष्टी आपल्याला इतक्या फुकट मिळतात की, आपण स्वतःच्या बळावर अभ्यास करत होतो असे आपल्याला वाटत राहते. ऑनलाइन अभ्यासक्रमात शिकवणे घरी येते, कित्येकदा फार उत्तम येते, पण घंटा, बाक, शेजारी आणि नजर या चारही गोष्टी मागे राहतात. त्या आपल्या आपण उभ्या कराव्या लागतात. ऑनलाइन शिकून पुढे जाणाऱ्यांच्या ज्या सवयींचे आपण कौतुक करतो, त्या बहुतेक या चार गोष्टींची घरच्या घरी केलेली मांडणीच असते. स्वभाव बदलणे कठीण असते. मांडणी मात्र एका रविवारी बदलता येते.

अर्धवट सोडणाऱ्या तुम्ही एकट्या नाहीत, हेही सांगायला हवे. हार्वर्ड आणि एमआयटी या संस्थांच्या मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमांची सहा वर्षांची आकडेवारी २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्यातील २०१७-१८ या वर्षी नाव नोंदवणाऱ्यांपैकी साधारण ३ टक्के लोकांनीच अभ्यासक्रम पूर्ण केला होता. यातले पुष्कळ जण नुसते डोकावायला आलेले असतात, त्यामुळे या आकड्याला घाबरण्याचे कारण नाही. पण त्याच पाहणीत, ज्यांनी पैसे भरून प्रमाणपत्राचा मार्ग निवडला त्यांच्यात पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण ४६ टक्के होते. पैसे भरले म्हणून चिकाटी आली, असा सरळ अर्थ काढता येणार नाही, कारण ज्यांचा निश्चय आधीच झालेला असतो तेच बहुधा पैसे भरतात. आणि १८,००० रुपये भरूनही कोर्स सुटू शकतो हे तुमच्याइतके कोणाला ठाऊक असणार? तरीही जे शेवटपर्यंत गेले त्यांना आपण इथे कशासाठी आलो आहोत हे नक्की माहीत होते, असे मी यातून समजते.

म्हणून पहिला प्रश्न तुम्हालाच विचारते. संख्याशास्त्र का? तुम्हाला शाखाधिकारी व्हायचे असेल, तर तुमच्या संस्थेत पदोन्नतीसाठी काय लागते हे आधी व्यवस्थापकांना विचारा. सहकार क्षेत्रात सहकार खात्यातर्फे घेतल्या जाणाऱ्या ‘जी.डी.सी. अँड ए.’ या पदविका परीक्षेला मान आहे आणि कदाचित तुमच्या वाटेवर तीच जास्त कामाची ठरेल. ते उत्तर आल्यावरही संख्याशास्त्रच शिकायचे असे वाटले, केवळ आकडे आवडतात म्हणून वाटले, तरी ते पुरेसे कारण आहे. आवडीसाठी शिकणे हा कमी दर्जाचा हेतू आहे असे मी मुळीच मानत नाही. फक्त तो हेतू एका वाक्यात वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, कारण पाचव्या आठवड्यात थकून बसाल तेव्हा ‘हे मी कशाला करते आहे’ हा प्रश्न येईल आणि त्या वेळी उत्तर नव्याने शोधण्याचे त्राण नसेल.

आता त्या पाचव्या आठवड्याबद्दल. दोन्ही वेळा दोन असाइनमेंट चुकल्या आणि तुम्ही थांबलात. एनपीटीईएलच्या बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात साधारण नियम असा आहे की, बारा असाइनमेंटपैकी सर्वाधिक गुणांच्या आठच धरल्या जातात. त्यांच्या सरासरीला २५ गुण आणि शेवटी केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५ गुण असतात. प्रमाणपत्रासाठी २५ पैकी किमान १० आणि ७५ पैकी किमान ३० गुण लागतात. म्हणजे चार असाइनमेंट पूर्ण बुडाल्या तरी तुमचे काही बिघडत नव्हते. दोनच बुडाल्या होत्या. ज्या दिवशी तुम्ही मनाशी ‘संपले’ म्हणालात, त्या दिवशी नियमांनी तुम्हाला अजून दोन चुका माफ ठेवल्या होत्या. हे वाचून तुम्हाला हळहळ वाटेल याची मला कल्पना आहे, पण मी ते मुद्दाम स्पष्ट लिहिते आहे, कारण अशा ठिकाणी अडणाऱ्यांत चांगले आणि काटेकोर विद्यार्थीच जास्त असतात. रोखीचा मेळ दोन रुपयांनी चुकला तरी न उठणाऱ्या माणसाला दोन आठवड्यांचा खड्डा सहन होत नाही. कीर्दीत तो काटेकोरपणा हवाच. अभ्यासात मात्र खड्डा तसाच सोडून चालू आठवड्यावर येता आले पाहिजे. सहावा आठवडा चालू असेल, तर सहावाच शिका, त्याची असाइनमेंट वेळेत द्या, आणि चौथ्या-पाचव्याचे राहिलेले पुढच्या दोन रविवारी थोडे थोडे भरून काढा. मागचे सगळे संपवून मग पुढे जाऊ, असे म्हणणारा विद्यार्थी आणखी मागे पडत जातो.

नाव नोंदवल्यावर पहिला व्हिडिओ सुरू करण्याआधी अर्धा तास काढून अभ्यासक्रमाचे हे सगळे नियम वाचायची सवय म्हणूनच सर्वांनी लावून घ्यावी. गुणांची विभागणी प्रत्येक अभ्यासक्रमाच्या पानावर दिलेली असते आणि काही अभ्यासक्रमांत ती वेगळीही असते, त्यामुळे मी सांगितले म्हणून विसंबू नका, आपल्या पानावर तपासा. अभ्यासक्रमात नाव नोंदवणे मोफत असते, पण परीक्षेची नोंदणी वेगळी असते, तिची मुदत वेगळी असते आणि तिला शुल्क लागते, हेही पुष्कळांना उशिरा कळते. या तारखा पतसंस्थेतल्या टेबलावरच्या दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहून ठेवा. मोबाइलमधली आठवण बोटाने बाजूला सारली जाते, भिंतीवरची किंवा टेबलावरची तारीख समोर राहते.

तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची तक्रार मात्र वेगळीच आहे: व्हिडिओ पाहताना सगळे समजते आणि प्रश्न सोडवताना हात चालत नाही. इथे मला थोडे सविस्तर लिहू द्या, कारण ही तक्रार माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत वारंवार असते.

चांगला शिक्षक शिकवत असतो तेव्हा प्रत्येक पायरी आपल्याला पटत जाते, आणि पटणे म्हणजेच येणे, असा आपला समज होतो. २००६ साली अमेरिकेत हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर एक साधा प्रयोग केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. इतरांनी तो वाचून बाजूला ठेवला आणि आठवेल ते कागदावर लिहिले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. एका आठवड्याने विचारले तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले होते. वाचणाऱ्यांचा आत्मविश्वास मात्र जास्त होता. तुम्ही वह्या भरून काढलेल्या नोट्स या वाचणाऱ्यांच्या बाजूच्या आहेत. व्हिडिओ थांबवून, फळ्यावरचे वाक्य उतरवून, पुन्हा सुरू करणे यात हात दमतो आणि काम केल्याचे समाधानही मिळते, पण त्यात डोक्याला स्वतःहून काही बाहेर काढावे लागत नाही.

म्हणून पद्धत उलटी करून पाहा. सलग अर्ध्या तासाचा व्हिडिओ पाहू नका. एडएक्स या संस्थेच्या चार अभ्यासक्रमांतील ६९ लाख वेळा पाहिल्या गेलेल्या व्हिडिओंच्या नोंदींचा अभ्यास २०१४ साली झाला, तेव्हा व्हिडिओ कितीही लांब असला तरी सर्वसाधारण विद्यार्थी सहा मिनिटांपलीकडे फारसा टिकत नाही, असे दिसून आले होते. सहा-सात मिनिटे ऐका, थांबवा, पडदा खाली करा आणि कोऱ्या कागदावर लिहा: आत्ता काय सांगितले? प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरले आहेत याचे माप, काढताना सरासरीपासूनच्या प्रत्येक फरकाचा वर्ग का केला? वर्ग केला नसता तर बेरीज किती आली असती? उत्तर आले नाही, तरच मागे जा. सुरुवातीला हे फार संथ वाटेल आणि एका व्हिडिओला दुप्पट वेळ लागेल, पण असाइनमेंट उघडल्यावर हात अडत नाही हे तुम्हाला दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच जाणवेल. शक्य तिथे उदाहरण आपल्या कामातले घ्या. ठेवींवरच्या व्याजाचे किंवा थकीत कर्जांचे आकडे तुमच्या रोजच्या परिचयाचे आहेत. ग्राहकांची नावे आणि खाते क्रमांक अर्थातच संस्थेतच राहू द्या. अशाच पण काल्पनिक दहा रकमा वहीत मांडून त्यांचा मध्य (सरासरी) आणि मध्यक (क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारी किंमत) काढला, आणि एका मोठ्या थकबाकीदारामुळे मध्य कसा वर सरकतो पण मध्यक जागचा फारसा हलत नाही हे स्वतःच्या हाताने पाहिले, की ती संकल्पना पुन्हा पाठ करावी लागत नाही.

असाइनमेंटच्या बाबतीत एक सोय आहे, तिचाही फायदा घ्या. एनपीटीईएलवर मुदत संपेपर्यंत असाइनमेंट कितीही वेळा देता येते आणि शेवटची दिलेली धरली जाते. म्हणून आठवड्याच्या पहिल्या संध्याकाळी, एकही व्हिडिओ न पाहता, प्रश्न उघडून वाचा आणि जमतील ती उत्तरे देऊन टाका. चुकतील, चुकू द्या. त्यामुळे आठवडाभर तुम्ही व्हिडिओ पाहाल ते या प्रश्नांची उत्तरे शोधत पाहाल, आणि उत्तर सापडले की तिथल्या तिथे सुधारून पुन्हा द्याल. शिवाय मुदतीच्या रात्री ११.५९ वाजण्याच्या बेतात वीज गेली, नेट गेले किंवा मुलीला ताप आला, तरी तुमच्या नावावर काहीतरी जमा झालेले असेल. तालुक्याच्या गावी शेवटच्या रात्रीवर भरवसा ठेवणे कोणालाच परवडणारे नाही.

वेळेचा हिशेब तुम्ही, माझ्या अंदाजाने, फक्त व्हिडिओंचा केला असावा. आठवड्याला अडीच-तीन तासांचे व्हिडिओ असतात, ते रविवारी दुपारी संपवू, असा बेत पुष्कळ जण करतात. त्यात थांबून आठवण्याचा, प्रश्न सोडवण्याचा आणि मागचे उजळवण्याचा वेळ मोजलेलाच नसतो. तो धरला तर आठवड्याला पाच-साडेपाच तास लागतात. ते एका रविवारात कोंबता येत नाहीत. महिन्याची कीर्द कोणी महिनाअखेरीस लिहीत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. सोमवार ते शुक्रवार रोज पाऊण तास आणि रविवारी दीड तास, असे धरले तर सव्वापाच तास होतात.

हा पाऊण तास कुठला, हे घड्याळापेक्षा आधीच्या एखाद्या ठरलेल्या कामाला बांधलेले बरे. मी काही वर्षे दूरशिक्षणाच्या एका अभ्यासकेंद्रावर रविवारी शिकवत असे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले, तेव्हापासून ‘ज्ञानगंगा घरोघरी’ या त्याच्या ब्रीदवाक्यावर विसंबून आपल्याकडे कितीतरी नोकरदार आणि गृहिणी घरी बसून शिकल्या आहेत, त्यामुळे एकट्याने अभ्यास करणे ही काही इंटरनेटने आणलेली नवी परीक्षा नाही. माझ्या वर्गात एक एस.टी. कंडक्टर होते. त्यांच्या पाळ्या दर आठवड्याला बदलत, म्हणून ‘रोज सकाळी सहाला’ असे काही त्यांना ठरवताच येत नव्हते. त्यांनी ठरवले होते की, फेरीच्या शेवटच्या थांब्यावर गाडी लागली आणि चहा झाला की वही उघडायची. वेळ बदलत राहिली, पण चहा आणि वही यांची जोडी त्यांनी तुटू दिली नाही. तुमच्याकडे अशी जोडी कोणती? मुलीचा डबा भरून झाल्यावर की संस्थेत सर्वांच्या आधी पोहोचून? मला दुसरी जास्त बरी वाटते, आणि का ते पुढे लिहिते.

एक सावधगिरी मात्र बाळगा. सत्राच्या सुरुवातीला केलेले वेळापत्रक बारा आठवडे टिकेल असे समजू नका. सुमारे अडीचशे ऑनलाइन अभ्यासक्रमांतील अडीच लाखांहून अधिक विद्यार्थ्यांवर झालेला एक मोठा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की, कधी आणि कसा अभ्यास करणार हे सुरुवातीलाच लिहून काढणाऱ्यांना पहिल्या काही आठवड्यांत फायदा झाला, पण अभ्यासक्रम पूर्ण होण्यावर त्याचा म्हणण्यासारखा परिणाम राहिला नाही. तुमचा पाचवा आठवडा इथेही भेटतो. यावरून माझे मत असे झाले आहे की, बेत दर रविवारी नव्याने, फक्त पुढच्या आठवड्याचा करावा: कोणत्या दिवशी लग्न आहे, कोणत्या दिवशी लेखापरीक्षक येणार आहेत, कोणते दोन दिवस हातचे गेलेच आहेत. मार्चअखेर तुमच्याकडे काय असते हे मी जाणते, त्यामुळे जानेवारीपेक्षा जुलैचे सत्र तुम्हाला सोयीचे पडेल का, याचाही विचार करा.

आता सासूबाईंचा मुद्दा. त्यांच्यावर रागावू नका, असे मी आधी म्हणेन. तुम्ही क्लासला जायला निघता तेव्हा चपला घालता, पिशवी घेता, दार ओढून घेता. घरातल्या सगळ्यांना दिसते की तुम्ही शिकायला चालला आहात. घरात पडद्याकडे पाहत बसलेली सून शिकते आहे की मालिका पाहते आहे, हे बाहेरून सारखेच दिसते. त्यातही घरात असलेली बाई म्हणजे हाकेला ओ देणारी बाई, ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजलेली आहे, आणि ऑनलाइन शिक्षणाच्या गुणगानात या अडचणीचा उल्लेख फारसा होत नाही, याची मला मनापासून खंत वाटते. पुरुषाने दार लावून घेतले तर तो काम करत असतो. बाईने लावले तर काय झाले म्हणून विचारणा होते. तुमच्या जिद्दीची कसोटी यात विनाकारण लागते. शक्य असेल तर जागाच बदला. संस्था उघडण्याच्या पाऊण तास आधी जाता आले तर उत्तम. नाहीतर बऱ्याच तालुक्यांच्या गावी नगरपालिकेची किंवा सार्वजनिक वाचनालयाची अभ्यासिका असते. स्पर्धा परीक्षांच्या मुलांमध्ये बसायला तुम्हाला आठवडाभर संकोच वाटेल, मग वाटेनासा होईल. घरीच बसावे लागले तर लॅपटॉपशेजारी उघडी वही आणि हातात पेन असू द्या, आणि सासूबाईंना एकदा शांतपणे सांगा की, अमुक वेळ ते अमुक वेळ माझा तास असतो आणि या तारखेला परीक्षा आहे. ‘परीक्षा’ हा शब्द आपल्या घरांत अजून वजनाचा आहे.

भाषेबद्दल तुम्ही तक्रार केली नाहीत, पण मराठी माध्यमाचा उल्लेख केलात म्हणून लिहिते. व्याख्याने इंग्रजीत असली तरी त्यांचे लिखित रूप बहुधा उपलब्ध असते, आणि काही अभ्यासक्रमांचे भारतीय भाषांतील अनुवादही आहेत. ते तपासून पाहा. वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखा. स्टँडर्ड डेव्हिएशनसमोर प्रमाण विचलन, प्रॉबॅबिलिटीसमोर संभाव्यता, कोरिलेशनसमोर सहसंबंध, सॅम्पलसमोर नमुना. अर्थ मराठीत पक्का झाला की इंग्रजी शब्द नुसते नाव म्हणून उरतो आणि त्याची भीती जाते. चर्चागटात प्रश्न विचारायलाही याच कारणाने कचरू नका. व्याकरण चुकले तर चुकू दे, पण ‘मला समजले नाही’ एवढेच लिहू नका. कितव्या व्याख्यानातील कोणती पायरी, तुम्ही काय करून पाहिले, उत्तर काय आले आणि काय यायला हवे होते, हे चार ओळींत लिहा. असा प्रश्न लिहिता लिहिता निम्म्या वेळा उत्तर स्वतःलाच सापडते, हा माझा अनुभव आहे.

टेलिग्रामवरच्या उत्तरांविषयी मी कठोर होणार आहे. ती घेऊ नका. एक तर ते खोटे आहे, आणि रोज दुसऱ्यांच्या पैशाचा हिशेब सांभाळणाऱ्या माणसाला ते शोभत नाही. दुसरे, त्यातून काही साधतही नाही, कारण उसन्या उत्तरांनी २५ गुणांची बाजू भरली तरी ७५ गुणांच्या परीक्षेला केंद्रावर तुम्हाला एकटीलाच बसायचे आहे आणि तिथले ३० गुण स्वतंत्रपणे मिळवावे लागतात. ज्यांना कॉलेजने श्रेयांकांसाठी असे अभ्यासक्रम घ्यायला लावले आहेत, त्या तरुण वाचकांनाही मी हेच सांगेन. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन व्यासपीठावरून घेता येतात, आणि एनपीटीईएलचे अभ्यासक्रमही त्यातच येतात. पदवीचा एवढा मोठा हिस्सा उसन्या उत्तरांवर उभा करणे फार महागात पडेल.

राहिला तुमचा मूळ प्रश्न: सोलापूरचा क्लास, पुन्हा ऑनलाइन, की सोडून देणे? क्लासला कमी लेखण्याचे कारण नाही. तिथे घंटा आणि नजर आयती मिळते. पण दोन्ही सुट्ट्या प्रवासात आणि वर्गात गेल्यावर सराव कधी करणार, हा प्रश्न तिथेही उरतोच, आणि तुमची खरी अडचण सरावाची आहे, शिकवण्याच्या दर्जाची नाही. म्हणून आज तरी मी तुम्हाला क्लासचा सल्ला देणार नाही. त्याच बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला तिसऱ्यांदा लगेच भिडावे, असेही मला वाटत नाही. एनपीटीईएलवर चार आणि आठ आठवड्यांचे अभ्यासक्रमही असतात. या सत्रात तुमच्या ओळखीच्या विषयाचा, लेखाशास्त्राचा किंवा वित्तव्यवहाराचा, एखादा छोटा अभ्यासक्रम घ्या. विषय सोपा असला की सगळे लक्ष मांडणी बसवण्याकडे देता येईल: पाऊण तास, जागा, पहिल्या संध्याकाळची कच्ची असाइनमेंट, रविवारचा बेत. तो पूर्ण झाला की पुढच्या सत्रात संख्याशास्त्र. आणि व्यवस्थापकांशी बोलून तुम्ही जी.डी.सी. अँड ए. च्या वाटेने जायचे ठरवलेत, तर संख्याशास्त्र सोडून द्या, मनात खंत न ठेवता सोडा. विचार करून बंद केलेले खाते आणि नुसते पडून राहिलेले खाते यांतला फरक तुम्ही जाणता.

जमल्यास एक सोबतीण शोधा. संस्थेतली एखादी सहकारी, दुसऱ्या शाखेतली मैत्रीण, कोणीही. दोघींनी एकाच अभ्यासक्रमात नाव नोंदवायचे आणि बुधवारी रात्री दहा मिनिटे फोनवर एकमेकींना एकच विचारायचे: या आठवड्यात काय अडले? ‘किती झाले’ असे विचारू नका, त्याने खोटे बोलावेसे वाटते.

आणि मुलीबद्दल. ती काय पाहते आहे, याची तुम्ही केलेली कल्पना आणि तिच्या मनातले यांत अंतर असू शकते, म्हणून तिला विचारा. नववीच्या गणितात तिला सांख्यिकी हे प्रकरण आहे. मध्य, मध्यक आणि बहुलक ती शाळेत मराठीतून शिकते आणि तुम्ही तेच मीन, मिडियन आणि मोड म्हणून ऐकता. रविवारी रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटे तिच्या हातात तुमची वही द्या आणि तिला त्यातले प्रश्न विचारू द्या. तुम्ही अडलात तर तिच्यासमोर अडा, कागद घ्या आणि तिच्यासमोरच सोडवा. पुढच्या रविवारी तिचे पुस्तक तुमच्या हातात असेल.

तुमची,
ताई